धूम कुठे गेली? : ढोल, ड्रम सिंथेसायझर आणि इक्वलायझर

गॅदरिंगला आठ दिवस उरले होते. आमच्या ग्रुप डान्सची सुरुवात नाशिक ढोलाने करायची, असं सर्वानुमते ठरलं. खरे ढोलवाले बोलवावे तर बजेट नाही. मग कोणीतरी म्हणालं, "कॉम्प्युटरवर बनवू ना ढोल, त्यात काय!" आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. कारण काय, तर ई अँड टीसीचा विद्यार्थी!

काम रात्री अकरानंतर चालायचं. रेक्टर सरांची झोप मोडू नये म्हणून आवाज एकदम बारीक. स्पीकर म्हणाल तर साबणाच्या डबीएवढे. त्यातून ढोल यायचा तो "टप टप", जणू कोणी पाठ्यपुस्तकावर पट्टी मारतंय. धूम कुठेच नाही. मी इक्वलायझर उघडला आणि ६० हर्ट्झची दांडी सरळ +१२ डेसिबलवर नेऊन ठेवली. थोडा फरक वाटला. मग १२५ ची पण वर नेली. रूम पार्टनर म्हणाला, "आता जरा बरा वाटतोय." बास, फाइल सेव्ह!

स्टेजवर काय झालं ते पाहिलेल्यांना आठवतच असेल. पहिल्या ठोक्याला छाती हादरली, दुसऱ्याला मागचे पत्रे वाजायला लागले, पाचव्या-सहाव्या ठोक्याला अॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागला आणि सगळं शांत. आमची दहा पोरं हात वर करून तशीच उभी! मी साऊंडवाल्या काकांकडे धावलो. त्यांनी शांतपणे सांगितलं, "दादा, मशीन चांगलं आहे. तुमचं गाणंच फुगलंय."

गाणं फुगलंय म्हणजे नेमकं काय, हे शोधण्यात माझा पुढचा महिना गेला. तेच इथे सांगतो, म्हणजे पुढच्या वर्षी कोणाची तरी दहा पोरं वाचतील.

इक्वलायझर म्हणजे काय?

इक्वल म्हणजे समान. हा शब्द आला टेलिफोनमधून. लांबच्या तारेतून जाताना आवाजातल्या उंच फ्रिक्वेन्सी जास्त गळतात आणि पलीकडचा माणूस कांबळ्यातून बोलल्यासारखा ऐकू येतो. ही गळती भरून काढून सगळ्या फ्रिक्वेन्सी पुन्हा समान पातळीवर आणणारं सर्किट म्हणजे इक्वलायझर. पुढे तोच स्टुडिओत शिरला आणि समान करायच्या ऐवजी मनासारखं करायचं साधन झाला.

आपली इक्वलायझरशी पहिली ओळख बहुधा विनॅम्पमध्ये झाली. दहा दांड्या, आणि सगळ्यांची आवडती रचना एकच : दोन्ही टोकं वर, मधला भाग खाली, म्हणजे हसरा चेहरा. याला ग्राफिक इक्वलायझर म्हणतात. दांड्यांच्या जागा ठरलेल्या असतात, आपण त्या फक्त वर-खाली करायच्या.

दुसरा प्रकार पॅरामेट्रिक. यावरचा जॉर्ज मॅसेनबर्ग यांचा प्रसिद्ध पेपर १९७२ सालचा. इथे प्रत्येक बँडला तीन बटणं असतात. पहिलं फ्रिक्वेन्सी : कुठे हात घालायचा? दुसरं गेन : किती वाढवायचं किंवा कापायचं? तिसरं क्यू : किती रुंद भागावर परिणाम हवा? क्यू म्हणजे मधली फ्रिक्वेन्सी भागिले बँडविड्थ, आपलं सेकंड इयरचं रेझोनन्सचं सूत्रच. क्यू लहान तर टेकडी पसरट, क्यू मोठा तर सुळका.

याशिवाय दोन भाऊ लक्षात ठेवा. हाय-पास हा ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचं सगळं कापत जातो. शेल्फ हा एखाद्या फ्रिक्वेन्सीपासून टोकापर्यंत सगळा मजलाच वर किंवा खाली नेतो.

कॉम्प्युटरच्या आत हे सगळं गुणाकार-बेरीजच असतं. आत्ताचं सॅम्पल, आधीची दोन सॅम्पल आणि आधीची दोन उत्तरं अशा पाच संख्यांना पाच गुणकांनी गुणायचं आणि बेरीज करायची, झाला एक बँड! सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरली तर एका बँडसाठी २,२०,५०० गुणाकार. आठ बँडला साडेसतरा लाखांच्या वर. आपला जुना कॉम्प्युटरसुद्धा हे झोपेत करतो. डीएसपीचा पेपर रटणाऱ्यांनी एकदा याच नजरेने डिफरन्स इक्वेशन बघावं, आवडायला लागेल.

ढोलाचा स्वतःचा इक्वलायझर

आता ढोलाकडे येऊ. तारेचं वाद्य छेडलं तर मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सूर निघतात. गोल, एकसारख्या पडद्याचं तसं नसतं. त्याचे वरचे सूर साधारण १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे पडतात. म्हणून साध्या ढोलातून "सा" सापडत नाही, पण दणका मिळतो. तबला आणि मृदंगावरच्या काळ्या शाईमुळे हेच सूर जवळपास पूर्णांकी पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये मांडलं. म्हणजे शाई हा आपल्या कारागिरांनी शोधलेला इक्वलायझरच म्हणायचा!

ढोलाला दोन तोंडं, आणि दोन्हीकडचं काम वेगळं. एका बाजूने हाताची थापी भरदार घुमते, दुसऱ्या बाजूने टिपरू कडकडतं. दोऱ्या ताणल्या की सूर चढतो, सैल केल्या की उतरतो. हलगीवाला वाजवण्याआधी हलगी शेकोटीवर धरतो तेही यासाठीच : कातडं तापलं की ताण वाढतो, आवाज कडक होतो. उलट गणपतीत पाऊस आला की कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. हल्ली बऱ्याच ढोलांना कातड्याऐवजी फायबरची पानं दिसतात, त्याचं एक कारण हेही आहे.

त्या रंगपंचमीला मी गावात रहाडीजवळ जाऊन मोबाइलवर ढोल रेकॉर्ड केला. जवळून केलं ते सगळं फाटलं, वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन केलं ते चांगलं आलं. रूमवर येऊन ऑडॅसिटीमध्ये त्याचा स्पेक्ट्रम काढला. दोन डोंगर दिसले : एक खाली, शंभर हर्ट्झच्या आत, आणि दुसरा पसरट, दोन-तीन हजारांच्या आसपास. थापी आणि टिपरू! मी गॅदरिंगला फक्त पहिलाच डोंगर वाढवत बसलो होतो. नाशिक ढोल केरळपर्यंत उत्सवांत, मिरवणुकांत जाऊन पोचलाय, तो काही नुसत्या घुमण्यावर नाही. गर्दीच्या शेवटच्या माणसाला ठेका समजतो तो टिपरूमुळे.

सॉफ्टवेअरमध्ये ढोल कसा जन्मतो?

ड्रम मशीनमध्ये दोन जाती. एका जातीत खऱ्या वाद्याचं रेकॉर्डिंग वाजतं. दुसऱ्या जातीत आवाज शून्यातून तयार होतो, तो ड्रम सिंथेसायझर. यातलं सर्वात गाजलेलं यंत्र म्हणजे रोलँडचं टीआर-८०८. ते १९८० मध्ये आलं आणि १९८३ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. त्यातला बास ड्रम म्हणजे ब्रिज्ड-टी नेटवर्कचं एक सर्किट : त्याला एक पल्स द्यायची आणि ते घंटेसारखं घुमत विझत जातं. हाय-हॅट म्हणजे सहा स्क्वेअर वेव्ह ऑसिलेटर एकत्र करून फिल्टरमधून काढलेले.

आणि ऐका, हे यंत्र आपल्या मुंबईत फार लवकर पोचलं होतं. चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकाने १९८२ साली टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ घेऊन दहा रागांची डिस्को ठेक्यावरची एक रेकॉर्ड काढली. तेव्हा ती फारशी कोणी विकत घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक थक्क झाले, कारण पुढे शिकागोत जन्मलेल्या अॅसिड हाऊस संगीताशी तिचं विलक्षण साम्य होतं.

आज हेच काम फुकटच्या एलएमएमएस या सॉफ्टवेअरमध्ये होतं. त्यात किकर नावाचं वाद्य आहे. स्टार्ट फ्रिक्वेन्सी, एंड फ्रिक्वेन्सी, लेंग्थ, क्लिक, नॉइज, डिस्टॉर्शन अशी त्याची बटणं. साइन वेव्ह वरच्या फ्रिक्वेन्सीपासून सुरू होते आणि क्षणात खाली घसरते. "धू" वरून "म्म" वर येते म्हणा ना! पुढे इफेक्टमध्ये इक्वलायझर लावायचा. त्यात हाय-पास, दोन शेल्फ, चार पीक आणि लो-पास असे आठ बँड मिळतात, आणि मागे स्पेक्ट्रमही हलताना दिसतो.

पहिला नियम : नसलेलं वाढत नाही

माझी पहिली चूक इथे होती. इक्वलायझर नवीन काही तयार करत नाही, असलेलं फक्त कमी-जास्त करतो. शून्याला कितीने गुणलं तरी शून्य! नुसत्या ६० हर्ट्झच्या साइनमध्ये ३ किलोहर्ट्झला काहीच नसतं, तिथे +१५ केलं तरी टिपरू वाजणार नाही. ते आधी सिंथेसायझरमध्येच तयार करावं लागतं : किकरची क्लिक वाढवा, किंवा वेगळ्या ट्रॅकवर नॉइजचा छोटासा तुकडा ठेवा.

हाच नियम स्पीकरला. माझ्या डबीएवढ्या स्पीकरमधून शंभर हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच निघत नव्हतं. मी १२ डेसिबल वाढवलं ते फाइलमध्ये वाढलं, माझ्या कानापर्यंत आलंच नाही. गॅदरिंगच्या मोठ्या स्पीकरने मात्र ते इमानदारीत वाजवलं!

मग छोट्या स्पीकरवर धूम ऐकवायची कशी? मेंदूची एक गंमत वापरायची. ११०, १६५, २२० हर्ट्झ एकत्र वाजले की कानाला ५५ हर्ट्झचा सूर असल्याचा भास होतो, ५५ प्रत्यक्षात नसला तरी. म्हणून आवाजाला किंचित डिस्टॉर्शन द्यायचं. त्याने वरचे सूर तयार होतात आणि मोबाइलवरसुद्धा ढोल ओळखू येतो.

दुसरा नियम : आधी कापा, मग वाढवा

डेसिबलचा हिशोब आपण सगळे शिकलोय, पण हाताशी ठेवत नाही. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट पॉवर, ६ म्हणजे चौपट, १० म्हणजे दहापट, १२ म्हणजे जवळजवळ सोळापट! ज्या ठोक्याला अॅम्प्लिफायरमधून २० वॅट लागत होते त्याला मी सव्वातीनशे मागत होतो. लाल दिवा लागणार नाही तर काय होणार?

त्यात फाइलला स्वतःचं छप्पर असतं. सोळा बिटमध्ये एकूण ६५,५३६ पायऱ्या. त्याच्या वर गेलेली लाट सपाट कापली जाते, त्याला क्लिपिंग म्हणतात. आमच्या गाण्यात ते आधीच झालेलं होतं. काका म्हणाले ते "फुगलंय" म्हणजे हेच.

म्हणून धूम ऐकू येत नसेल तर आधी बघा, तिला कोण झाकतंय? बहुतेक वेळा दोषी सापडतो तो २५० ते ४०० हर्ट्झच्या भागात. तिथे आवाज खोक्यात ठेवल्यासारखा येतो. तो ४ डेसिबल कमी केला की खालचा भाग न वाढवताही मोकळा वाटतो. शोधायची युक्ती सोपी : एक बँड घ्या, क्यू ४-५ ठेवा, गेन +८ करा आणि फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकवा. जिथे आवाज सर्वात घाण वाटेल तिथे थांबा, आता गेन उणे करा आणि क्यू कमी करा. हे करताना स्पीकरचा आवाज आधी खाली घ्यायला विसरू नका.

माझी आता सुरुवातीची सेटिंग अशी असते, पुढे कानाने बदलायची.

थापी : किकर १६० पासून ६५ हर्ट्झपर्यंत, लेंग्थ ३०० ते ४०० मिलिसेकंद. हाय-पास ३५ वर, कारण त्याखालचं ऐकू येत नाही पण पॉवर खातं. ३०० वर –४, क्यू १. ७० वर फार तर +२.

टिपरू : क्लिक आणि छोटा नॉइज. हाय-पास ४०० वर, ३ किलोहर्ट्झवर +३, क्यू १. १० किलोहर्ट्झच्या वर हाय शेल्फ –३, नाहीतर कानाला टोचतं.

ताशा : नॉइज जास्त, लेंग्थ एकदम कमी. हाय-पास ३०० वर. टिपरूला ३ हजारावर वाढवलं असेल तर ताशाला तिथे २ कमी करून ५ हजारावर जागा द्या. दोघं एकाच खुर्चीवर बसले तर एकही नीट ऐकू येत नाही. मेसमधल्या बाकासारखंच आहे हे.

आणखी एक. खालच्या फ्रिक्वेन्सीला मोठा क्यू ठेवून वाढवू नका. सुळका जितका टोकदार तितका तो वेळेत लांबतो, घंटेसारखा घुमत राहतो. ६० हर्ट्झला क्यू १० असेल तर घुमणं ३७ टक्क्यांवर यायलाच निदान ५० मिलिसेकंद लागतात, आणि पूर्ण विझायला त्याच्या कितीतरी पट. १५० च्या लयीत चार-चारचे ठोके फक्त १०० मिलिसेकंदांच्या अंतरावर असतात. मागचा ठोका विझायच्या आत पुढचा येतो आणि सगळ्याचा चिखल होतो. जलद भागासाठी किकरची लेंग्थही कमी करा.

तिसरा नियम : कानावर आणि खोलीवर एकदम विश्वास नको

दुसरी चूक होती रात्रीची. आवाज बारीक असताना आपल्या कानाला बास फार कमी ऐकू येतो, मोठा केला की त्या मानाने खूप जास्त. हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. म्हणजे रात्री अकरा वाजता बारीक आवाजात केलेला बास गॅदरिंगच्या आवाजात हमखास जास्त होणार. उपाय : शेवटचं सेटिंग दिवसा, नेहमीच्या आवाजात करा, आणि एखादं ओळखीचं, नीट रेकॉर्ड केलेलं गाणं शेजारी वाजवून तुलना करा.

तिसरी भानगड खोलीची. आपली रूम साधारण १० बाय १२ फूट. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. ध्वनीचा वेग ३४३ धरला आणि दुप्पट लांबीने भागलं तर येतात ४७ हर्ट्झ. १० फुटांसाठी ५६. या फ्रिक्वेन्सीला खोली स्वतःच घुमते : भिंतीशी बास दुप्पट, मधोमध जवळजवळ गायब. माझं टेबल कुठे होतं? बरोबर मधोमध! खोटं वाटत असेल तर ५६ हर्ट्झचा टोन एखाद्या बऱ्या स्पीकरवर लावा आणि भिंतीपासून मध्यापर्यंत चालत या. फिजिक्सचं प्रॅक्टिकल फुकटात होईल. हा दोष इक्वलायझरने जात नाही, खुर्ची सरकवून जातो.

मीटर गप्प, भिंती बोलतात

शेवटचा मुद्दा आपल्या सगळ्यांचा आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते ६. हे आकडे ए-वेटिंगने मोजतात, म्हणजे मीटर माणसाच्या कानासारखं वागतं आणि खालच्या फ्रिक्वेन्सी कमी धरतं. ६३ हर्ट्झला ही सूट तब्बल २६ डेसिबलची आहे! त्यामुळे बास वाढवला तर मीटरचा आकडा फारसा हलत नाही, पण पलीकडच्या सोसायटीच्या खिडक्या वाजतात आणि आजारी माणसाच्या छातीत धडधडतं. खालची फ्रिक्वेन्सी भिंत सहज ओलांडते. ६० हर्ट्झच्या लाटेची लांबी पावणेसहा मीटर, तिच्यापुढे आपली विटेची भिंत म्हणजे पडदाच.

त्या दिवशी गॅदरिंगनंतर समोरच्या इमारतीतले एक आजोबा गेटवर आले होते. भांडायला नाही. एवढंच म्हणाले, "बाळांनो, ढोल आम्हालाही आवडतो रे. पण आज ढोल ऐकूच आला नाही, नुसतं घर हललं." माझ्या एक महिन्याच्या अभ्यासाचं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

एप्रिलमध्ये सेंड-ऑफला तोच डान्स पुन्हा बसवला. या वेळी ६० वर फक्त +१, ३०० वर –४, टिपरू वेगळ्या ट्रॅकवर. आवाजाचं बटण गॅदरिंगपेक्षा बरंच खाली होतं, तरी शेवटच्या रांगेतली पोरं पहिल्या ठोक्याला उठली. तेच साऊंडवाले काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आता वाजला बघा."

खऱ्या ढोलाची सर कॉम्प्युटरला येणार नाही, हे मी आधीच कबूल करतो. दहा ढोल एकदम वाजतात तेव्हा प्रत्येकाचा ठोका केसभर पुढे-मागे पडतो, प्रत्येकाच्या दोऱ्यांचा ताण वेगळा असतो, आणि त्यातूनच तो भरगच्चपणा येतो. पण आपला ढोल कशामुळे ढोल वाटतो हे मला इक्वलायझरने शिकवलं.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी दांडी वर ढकलायला हात शिवशिवला की क्षणभर थांबा आणि दुसरी कोणती खाली आणता येईल ते बघा. आणि हो, रात्री अकरानंतर हेडफोन! रेक्टर सर हा अंक वाचणार आहेत.